कोजागरीला दुर्बिणीतून काहीच का दिसले नाही?

निपाणीजवळच्या एका गावातील गृहस्थांनी विचारलेला प्रश्न आधी थोडक्यात सांगतो. पाचवीतल्या मुलीच्या हट्टाखातर त्यांनी दसऱ्याला एक लहान दुर्बीण घेतली. पुढच्या भिंगाचा व्यास ७० मिलिमीटर, नाभीय अंतर (भिंगापासून प्रतिमा जुळते तिथपर्यंतचे अंतर) ७०० मिलिमीटर, सोबत २५, १० आणि ४ मिलिमीटरचे तीन आयपीस, म्हणजे डोळा लावायची भिंगे, आणि तिप्पट मोठे करणारे एक बार्लो भिंग. खोक्यावर ‘५२५ पट’ असे ठळक अक्षरांत छापलेले आहे. कोजागरीच्या रात्री गच्चीवर दूध आटत असताना त्यांनी ती लावली, गल्लीतली पंधरा-वीस माणसे रांगेत उभी राहिली, आणि चंद्राच्या जागी प्रत्येकाला एक थरथरणारा, धूसर पांढरा पडदा तेवढा दिसला. मग एका ठळक चांदणीकडे दुर्बीण वळवली, तेव्हा मोठी पांढरी थाळी दिसली आणि तो गुरू असावा असे सर्वांनी ठरवून टाकले. मुलगी हिरमुसून झोपायला गेली. आता ते विचारतात की दुर्बीण सदोष आहे का, ती परत करून मोठी घ्यावी का, आणि परड्यासमोरच दिव्याचा खांब असताना या नादात काही अर्थ आहे का.

मी बेळगावात राहतो आणि घरामागच्या परड्यातून गेली तीसेक वर्षे आकाश पाहतो, शेजारपाजारच्या मुलांना दाखवतो. तुमच्याकडे आहे तशीच ७० मिलिमीटरची दुर्बीण माझ्याकडे अजून आहे, आणि मोठी दुर्बीण आल्यानंतरही अधिक वेळा तीच बाहेर निघते, कारण ती एका हाताने उचलता येते. त्या अनुभवावरून सांगतो की तुमची दुर्बीण बहुधा चांगली आहे. ‘बहुधा’ म्हणतो, कारण भिंग आतून सैल आहे का किंवा फोकसची नळी वाकडी बसली आहे का हे ती हातात घेतल्याशिवाय मला सांगता येणार नाही. ते तुम्हालाच दिवसाउजेडी दहा मिनिटांत कसे तपासता येईल, हे पुढे सांगतो आहे. परत करण्याची मुदत असेल तर ती तपासणी या आठवड्यातच करून घ्या.

तुम्हाला वाटते की प्रश्न नीट दिसण्याचा आहे. माझ्या मते तो सापडण्याचा आणि सापडलेले धरून ठेवण्याचा आहे. मोठे करून दाखवण्याचे काम दुर्बीण आपोआप करते. पण आकाशाच्या एका नखाएवढ्या तुकड्यावर तिला रोखणे, तो तुकडा सरकत असताना त्याच्या मागे जाणे आणि डोळ्याला पाहायला वेळ देणे ही माणसाची कामे आहेत, आणि ती अंधारात, रांग लागलेली असताना, पहिल्याच रात्री कोणालाही जमत नाहीत.

आता त्या ५२५ चा हिशेब पाहू. दुर्बिणीच्या नाभीय अंतराला आयपीसच्या नाभीय अंतराने भागले की किती पट मोठे दिसते ते कळते. म्हणजे तुमचा २५ चा आयपीस २८ पट, १० चा ७० पट आणि ४ चा १७५ पट मोठे दाखवतो. त्या ४ च्या आयपीसला तिप्पट बार्लो जोडला की ५२५ हा आकडा निघतो. गणित खरे आहे, उपयोग मात्र शून्य आहे. भिंगाच्या व्यासाच्या मिलिमीटरमागे फार तर दोन पट, हा जुना आणि अनुभवसिद्ध नियम आहे. त्या हिशेबाने ७० मिलिमीटरच्या भिंगाची कमाल मर्यादा १४० पट ठरते, आणि तीही हवा अगदी शांत असलेल्या रात्री. त्यापुढे प्रतिमा मोठी होते, पण तपशील वाढत नाही. शिवाय भिंगाने गोळा केलेला प्रकाश तेवढाच राहतो आणि तो अधिकाधिक जागेवर पसरतो: २८ पटींवरून ५२५ पटींवर गेलात तर चंद्राचा पृष्ठभाग सुमारे साडेतीनशे पटींनी फिका होतो. पाहुणे वाढले म्हणून आमटीत पाणी ओतावे, तसा हा प्रकार आहे.

दुसरी अडचण वेळेची आहे. पृथ्वी फिरते म्हणून आकाश तासाला १५ अंश सरकते. २५ च्या आयपीसमध्ये साधारण पावणेदोन अंशांचे आकाश मावते, म्हणजे मधोमध आणलेली वस्तू तीन-साडेतीन मिनिटे दिसत राहते. बार्लोसकट ४ चा आयपीस लावला तर हे क्षेत्र अंशाच्या दहाव्या भागाएवढेच उरते आणि या कडेपासून त्या कडेपर्यंत जायला वस्तूला वीसेक सेकंद पुरतात. एक काका वाकून, चष्मा काढून, एक डोळा मिटून आयपीसशी येईपर्यंत चंद्राचा तो तुकडा निघून गेलेला असतो, आणि त्यातच त्यांच्या कोपराचा धक्का नळीला लागला की पुढच्या माणसाला नुसता काळोख दिसतो. तुमच्या रांगेतल्या प्रत्येकाला वेगवेगळी तक्रार होती असे तुम्ही लिहिले आहे, त्याचे कारण हेच असावे.

म्हणून पहिले दोन महिने २५ चा आयपीस हीच तुमची दुर्बीण आहे असे समजा. १० चा आयपीस चंद्र आणि ग्रहांसाठी, तोही वस्तू २५ मध्ये मधोमध आणून ठेवल्यावरच लावायचा. बार्लो मात्र डब्यात राहू द्या.

गच्चीचाही यात वाटा होता. आश्विनातल्या उन्हाने दिवसभर तापलेला काँक्रीटचा स्लॅब मध्यरात्रीपर्यंत उष्णता सोडत असतो आणि त्यावरची हवा तापल्या तव्यावर थरथरते तशी थरथरत राहते. २८ पटींवर हे फारसे जाणवत नाही, पण १७५ पटींवर चंद्राची कड पाण्यात पडलेल्या प्रतिबिंबासारखी हलते. त्यात पंधरा माणसे त्याच स्लॅबवर चालत असली की प्रत्येक पावलाचा हादरा ट्रायपॉडमधून वर जातो. परड्यातली माती किंवा गवत या दोन्ही बाबतींत कितीतरी चांगले. तिथे नारळीचे झाड किंवा शेजाऱ्यांचे कौलारू छप्पर आड येऊन आकाश अर्धेच मिळते हे मान्य आहे, तरी स्थिर असलेले अर्धे आकाश मला हलणाऱ्या पूर्ण आकाशापेक्षा नेहमीच अधिक देऊन गेले आहे. ट्रायपॉडचे पाय पूर्ण बाहेर काढू नका. ते आखूड ठेवा, मधल्या कडीला एक पिशवीभर वाळू टांगा आणि पाहणाऱ्याला बसायला स्टूल द्या, कारण बसलेल्या माणसाचा डोळा स्थिर राहतो. दुर्बीण अर्धा तास आधी बाहेर ठेवली तर नळीतली हवाही बाहेरच्या हवेसारखी होते.

राहिली ती पांढरी थाळी. तो तारा होता की ग्रह, हे मला इथे बसून सांगता येणार नाही, पण जे दिसले ते फोकस न जुळलेल्या कोणत्याही तेजस्वी बिंदूचे रूप असते. तारा कितीही मोठा केला तरी या दुर्बिणीत बिंदूच दिसतो. फोकसची चकती फिरवत गेले की थाळी लहान लहान होत टोकदार ठिणगीवर येते आणि आणखी फिरवली की पुन्हा पसरू लागते. ती ठिणगीची जागा सापडली म्हणजे फोकस जुळला. गुरू असेल तर तिथेही त्याची थाळीच उरते, मात्र ती ज्वारीच्या दाण्याएवढी आणि रेखीव असते, आणि तिच्या दोन्ही अंगांना एका ओळीत बारीक ठिपके दिसतात.

हे सारे रात्री शिकू नये, दिवसा शिकावे, या गोष्टीवर मी सर्वांत अधिक भर देतो. माझ्याकडे नवीन दुर्बीण घेऊन येणाऱ्याला मी पहिल्यांदा दुपारी चारनंतर बोलावतो, आणि बहुतेकांना त्याचा थोडा राग येतो. उन्हे कलली की सूर्याकडे पाठ करून पूर्वेकडची एखादी लांबची, न हलणारी वस्तू निवडायची. तुमच्याकडे साखर कारखान्याची चिमणी, मोबाइलचा टॉवर किंवा एखाद्या देवळाचा कळस यांपैकी काही ना काही दिसतच असेल. ती निदान अर्धा किलोमीटर लांब असावी. फाइंडर, म्हणजे नळीवर बसवलेले नेम धरायचे छोटे साधन, आणि मुख्य नळी यांत काही सेंटिमीटरांचे अंतर असते, त्यामुळे समोरच्या घराच्या खिडकीवर दोन्ही जुळवल्या तर आकाशावर त्या पुन्हा चुकतात. २५ चा आयपीस लावा, नळीवरून बंदुकीसारखा नेम धरून चिमणी गाठा, फोकस जुळवा आणि तिचे टोक बरोबर मधोमध आणून स्क्रू कसा. आता मुख्य दुर्बिणीला धक्का न लावता फाइंडरचे छोटे स्क्रू असे फिरवा की त्याच्या फुलीवर किंवा लाल ठिपक्यावर तेच टोक येईल. मग १० चा आयपीस लावून पुन्हा एकदा तपासा.

या वेळी एक गोष्ट तुमच्या मुलीच्याच लक्षात आधी येईल. डायगोनलमधून, म्हणजे आयपीसआधीच्या तिरप्या आरशाच्या जोडातून, चिमणी सरळ उभी दिसते, पण तिचा डावा भाग उजवीकडे गेलेला असतो, आणि भिंगांच्या छोट्या फाइंडरमध्ये तीच चिमणी उलटी लटकलेली असते. त्यामुळे नळी उजवीकडे ढकलावी तर चित्र भलतीकडे पळते. ही सवय हाताला पंधरा मिनिटांत लागते, मात्र ती उजेडात लावून घ्यावी. तपासणीही इथेच होते: चिमणीची कड २५ आणि १० दोन्ही आयपीसमध्ये रेखीव दिसली तर भिंग ठीक आहे. कडेला किंचित जांभळी झालर दिसेल, ती अशा साध्या भिंगांची खोड आहे, दोष नव्हे. मात्र १० च्या आयपीसमध्येही कोणत्याच जागी फोकस टोकदार होत नसेल, किंवा फोकसची नळी बोटाने डुगडुगत असेल, तर परत करा.

सूर्याविषयी एवढ्यातच सांगून टाकतो, कारण दिवसा दुर्बीण बाहेर काढली की मुले ती सूर्याकडे वळवतातच. दुर्बिणीतून किंवा फाइंडरमधून सूर्याकडे क्षणभरही पाहू नये. डोळा कायमचा जातो, आणि तो जाताना दुखतही नाही. काही स्वस्त दुर्बिणींसोबत आयपीसमध्ये बसवायची काळपट काच ‘सन फिल्टर’ म्हणून मिळते. ती भिंगाने एकवटलेल्या उन्हात तापून तडकते. माझ्या पहिल्या दुर्बिणीतली अशी काच एका दुपारी टचकन फुटली, तेव्हा सुदैवाने तिथे कोणाचा डोळा नव्हता. तुमच्या खोक्यात ती असेल तर फोडून कचऱ्यात टाका, नुसती बाजूला ठेवू नका.

आता पहिल्या रात्रीकडे येऊ. कोजागरीचा चंद्र दूध पिण्यासाठी उत्तम आणि दुर्बिणीसाठी सर्वांत वाईट असतो, हे ऐकून लोकांना आश्चर्य वाटते. पौर्णिमेला सूर्य आपल्या पाठीमागून चंद्रावर सरळ पडतो, त्यामुळे तिथल्या डोंगरांना आणि विवरांना सावल्याच उरत नाहीत. भर दुपारी नांगरलेले रान सपाट दिसते आणि संध्याकाळी तेच सरीसरीने उठून दिसते, तसेच हे आहे. विवरे पाहायची ती उजेड आणि अंधार यांच्या सीमारेषेवर, जिथे सूर्य नुकताच उगवतो आहे. म्हणून भिंतीवरच्या दिनदर्शिकेत कार्तिक शुद्ध सप्तमी ते दशमी या चार तिथी खूण करून ठेवा. अष्टमीच्या आसपास सूर्य मावळताना चंद्र जवळजवळ माध्यान्हावर असतो आणि मध्यरात्रीच्या सुमारास मावळतो, म्हणजे मुलांच्या जेवणाच्या आणि झोपेच्या वेळा सांभाळून पाहता येतो. अंधार पूर्ण पडण्याची वाट पाहायचीही गरज नाही. उलट मावळतीनंतर आकाश निळसर असतानाच चंद्र डोळ्यांना कमी खुपतो.

अष्टमीला सीमारेषेच्या मध्यावर तीन मोठी विवरे एकाखाली एक दिसतील: टॉलेमी, अल्फॉन्सस आणि आर्झाकेल. पहिले सर्वांत रुंद आणि तळाला सपाट आहे, दुसऱ्याच्या मधोमध एक लहान डोंगर आहे. नवमी-दशमीला कोपर्निकस उजेडात येतो. त्याचा व्यास ९३ किलोमीटर आहे, म्हणजे निपाणीपासून बेळगावपर्यंतचा सगळा रस्ता त्याच्या पोटात मावेल. मुलीला हे सांगून मग पाहायला लावा, नुसते ‘विवर बघ’ म्हणू नका. त्याच रात्री सीमारेषेच्या पलीकडे, अंधारात एकटाच लुकलुकल्यासारखा एखादा प्रकाशाचा कण दिसेल. ते डोंगराचे शिखर आहे. पायथ्याशी अजून रात्र आहे आणि माथ्यावर ऊन पोचले आहे. चंद्राच्या विषुववृत्तावर ही सीमारेषा ताशी सुमारे १५ किलोमीटरने सरकते, म्हणजे आपल्याकडचा निवांत सायकलवाला जातो तितक्या वेगाने. तासाभराने परत आलात तर त्या एकट्या कणाशेजारी दुसरा उगवलेला असतो. माझ्या परड्यात आलेल्या मुलांपैकी जी दुसऱ्यांदा आली, त्यांतली बरीचशी हा दुसरा कण पाहिलेली होती.

चंद्र पाहून झाला की ग्रह. ते कोणत्या महिन्यात संध्याकाळी असतील हे दरवर्षी बदलते: गुरूचा हंगाम दरवर्षी साधारण महिनाभर पुढे जातो, शनीचा दोन आठवड्यांनी. पंचांगात ते कोणत्या राशीत आहेत ते पाहिले की जागा कळते. गुरू २८ पटींतच आपले चार चंद्र दाखवतो. गॅलिलिओने ते जानेवारी १६१० मध्ये पाहिले, तेव्हा त्याच्या हाती तुमच्यापेक्षा कितीतरी सुमार भिंग होते. ७० पटींत गुरूच्या अंगावरचे दोन काळसर पट्टे दिसतात, पण त्यासाठी आयपीसला डोळा लावून निदान पाच मिनिटे बसावे लागते. हवा मधूनच क्षणभर शांत होते आणि त्या क्षणी पट्टे उमटतात. मुलीला एक वही द्या आणि रोज त्याच वेळी गुरूचे वर्तुळ काढून चार ठिपके मांडायला सांगा. सर्वांत आतला आयो ४२ तासांत एक फेरी पुरी करतो, त्यामुळे सलग दोन रात्री चित्र कधीच सारखे येत नाही. शनीची कडी ७० पटींत ग्रहापासून सुटी दिसते. मार्च २०२५ मध्ये पृथ्वी त्या कड्यांच्या पातळीतून गेली आणि त्या सुमारास ती सुईसारखी बारीक झाली होती. आता ती वर्षागणिक उघडत जाऊन २०३२ च्या सुमारास सर्वांत रुंद दिसतील. त्यामुळे शनीने तुमची निराशा केली, तर पुढच्या वर्षी त्याला आणखी एक संधी द्यावी.

खांबावरच्या दिव्याची तुमची चिंता चंद्र आणि ग्रहांपुरती निराधार आहे, ते दोन्ही भर शहरातूनही तसेच दिसतात. तेजोमेघ (अवकाशातले वायू-धुळीचे ढग) आणि तारकागुच्छ यांच्या बाबतीत मात्र ती खरी आहे. दिव्याचे दोन त्रास असतात आणि ते वेगळे करून पाहावेत. आकाश उजळते, त्यावर परड्यात उपाय नाही. डोळ्यांवर थेट प्रकाश पडतो, त्यावर आहे. डोळ्यांना अंधार सरावायला २० ते ३० मिनिटे लागतात आणि मोबाइलच्या पडद्याकडे एकदा पाहिले की ती मेहनत वाया जाते. मी डोक्यावरून घोंगडे घेतो आणि त्याच्या आत आयपीस ओढून घेतो. शेजाऱ्यांना हे ध्यान पाहून पहिली काही वर्षे हसू येत असे, पण खांबाच्या दिव्यावर धनगरी घोंगड्याएवढा स्वस्त इलाज मला सापडलेला नाही. नकाशा पाहायला बॅटरीवर लाल जिलेटीन कागदाचे तीन-चार पदर बांधावेत. आणि करंट गेला, तर कुरकुर न करता दुर्बीण उचलून परड्यात धावावे.

कार्तिक वद्यात, चंद्र उशिरा उगवू लागला की, साडेसात-आठला पूर्वेकडे कृत्तिका वर आलेल्या असतात. फाइंडरही लागत नाही, नळीचा नेम धरला तरी पुरतो. नुसत्या डोळ्यांना सहा-सात चांदण्या दिसतात तिथे २५ च्या आयपीसमध्ये कित्येक डझन दिसतात आणि पुंजका त्यात जेमतेम मावतो. १० चा लावलात तर तो कडेबाहेर सांडून नुसत्या विखुरलेल्या चांदण्या उरतात. अधिक पट म्हणजे अधिक चांगले नव्हे, हे मुलांना पटवायला याहून सोपे उदाहरण नाही. मार्गशीर्षात मृग लवकर उगवू लागतो. त्याच्या पोटात घुसलेल्या बाणाखाली जो धूसर तारा दिसतो, तो तारा नसून तेजोमेघ आहे, आपल्यापासून सुमारे १३०० प्रकाशवर्षे दूर. फोटोत तो गुलाबी दिसतो, तुम्हाला तो राखाडी दिसेल. आमच्या घरातल्यांनी ‘चुलीतला धूर गोठल्यासारखा’ असे त्याचे वर्णन केले होते, ते मला आजवर वाचलेल्या वर्णनांपेक्षा अचूक वाटते. त्याच्याकडे थेट न पाहता किंचित बाजूला नजर ठेवली की तो पसरतो, कारण डोळ्याच्या कडेकडचा भाग मंद प्रकाशाला अधिक संवेदनशील असतो. मग १० चा आयपीस लावून त्याच्या ऐन मध्यावर पाहा. चार बारीक तारे एका चौकटीत बसलेले दिसतील.

आपल्या भागाचा एक फायदा सांगितला पाहिजे. आपण साधारण १६ अक्षांशावर आहोत, त्यामुळे ध्रुवतारा क्षितिजापासून जेमतेम १६ अंश वर असतो आणि परड्यातून तो बहुधा झाडाआड जातो, पण दक्षिणेचे आकाश आपल्याला पुष्कळ मिळते. चैत्र-वैशाखात दक्षिण क्षितिज मोकळे असेल तर त्रिशंकू हा तारकासमूह आणि मित्र व मित्रक हे तारे, हे सगळे दिसते. मित्र हा ७० पटींत दोन ताऱ्यांत सुटतो, आणि उत्तर भारतातल्या आपल्या मित्रांना तो क्षितिजाजवळच्या धुळीतून शोधावा लागतो किंवा दिसतच नाही. याच कमी अक्षांशामुळे विषुववृत्तीय माउंटची, म्हणजे ध्रुवताऱ्याकडे आस रोखून आकाशासोबत फिरवायच्या स्टँडची, एक गंमत होते. त्याचा आस १६ अंशांवर इतका आडवा येतो की समतोलाचे वजन ट्रायपॉडच्या पायाला आपटते. तुमचा माउंट वर-खाली आणि आडवा फिरणारा साधा आहे, त्याबद्दल हळहळू नका.

हंगामाविषयी. ऊसतोडी सुरू झाली की निपाणी-चिकोडी पट्ट्यात संध्याकाळी पाचट पेटते, धूर सखल भागात साचतो आणि काजळीचे कण भिंगावर येऊन बसतात. तशा संध्याकाळी भिंगावर झाकण ठेवून दोन तास थांबावे, किंवा पहाटे चारला उठावे. पहाटेचे आकाश हा आळशी माणसांपासून वाचलेला माल आहे. दवाचा उपद्रवही याच दिवसांत होतो. भिंगाच्या पुढे काळ्या पुठ्ठ्याची वीतभर नळी गुंडाळली की दव तासभर लांबते. तरीही भिंग धुरकटले तर ते रुमालाने पुसू नका, घरात नेऊन आपोआप सुकू द्या.

पावसाळ्यात मात्र मी एकदा मोठी चूक केली. ज्येष्ठात दुर्बीण रेक्झिनच्या पिशवीत गुंडाळून माळ्यावर ठेवली आणि थेट खंडेनवमीला, पूजेत मांडण्यासाठी, बाहेर काढली. हळदकुंकू लावताना भिंग उजेडात धरले, तर आतल्या बाजूने कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी पसरली होती. चार महिन्यांच्या आपल्या पावसात बंद पिशवीतला ओलावा बाहेर जात नाही आणि बुरशीला काळोख आवडतो. भिंगावरचा लेप तिने खाल्ला होता, तो डाग अजून आहे. आता मी आयपीस घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवतो, पुड्या गुलाबी झाल्या की तव्यावर मंद आचेवर तापवून पुन्हा वापरतो, आणि दुर्बीण उघड्या कपाटात, हवा खेळती राहील अशी ठेवतो.

मोठी दुर्बीण घ्यावी का, हा प्रश्न उरतो. माझे उत्तर ‘आत्ता नको’ असे आहे, आणि त्याचे कारण पैसा नव्हे. मोठ्या दुर्बिणीला हीच सगळी कामे करावी लागतात, फक्त ती जड असते आणि बाहेर कमी वेळा निघते. अगदीच काही घ्यायचे असेल, तर २५ आणि १० यांच्या मधला, १५ मिलिमीटरच्या आसपासचा एखादा चांगला आयपीस घ्या, किंवा १० × ५० ची साधी द्विनेत्री, जी मुलगी स्वतः गळ्यात अडकवून फिरेल. ज्या घरात मूल स्वतः मृग, कृत्तिका आणि रोहिणी बोटाने दाखवू लागले आहे, तिथे वर्षभराने मोठ्या दुर्बिणीचा विचार जरूर करावा.

शुद्ध अष्टमीच्या संध्याकाळी गल्लीला बोलावू नका, त्या दिवशी फक्त मुलीला स्टुलावर बसवा आणि नळी तिलाच हलवू द्या. गल्लीला दशमीला बोलवा. तोवर चंद्र कसा सरकतो आणि नळी कोणत्या बाजूने हलवायची हे तिला पाठ झालेले असेल, आणि रांगेतल्या प्रत्येक माणसानंतर चंद्र पुन्हा मधोमध आणण्याचे काम तीच करील. ४ चा आयपीस त्या दिवशी घरातच राहू द्या, नाहीतर कोणीतरी काका तो मागणारच.